दोष रॅमचा नव्हता

आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. तो कंपनीचा तयार नाही. थोरल्याने दहावीनंतरच्या सुट्टीत सुटे भाग जमवून तो घरीच जोडला. मामूंनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ८ जीबीची एक रॅम आणली. कॅबिनेट आणि एसएमपीएस इथल्या बाजारात मिळाले, मॉनिटर जुनाच होता. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि पडद्यावर अक्षरे उमटली, तेव्हा दादीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली होती.

आम्ही दोघेही शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे कॉम्प्युटरला घरात कामाची कमी नसते. चाचणीच्या उर्दू प्रश्नपत्रिका आम्ही इनपेजवर करतो, मराठीच्या वर्डमध्ये. निकालपत्रके, धाकटीचा अभ्यास, लग्नकार्याचे फोटो, सगळे त्याच एका डब्यात. थोरला डिप्लोमासाठी पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर आमच्या ताब्यात आला. वापरायला आम्हाला येत होते, आत काय चालते ते माहीत नव्हते.

गेल्या वर्षी मे महिन्यात तो फार हळू चालू लागला. थोरला फोनवर म्हणाला, "आणखी एक ८ जीबीची रॅम टाका. मदरबोर्डवर दोन स्लॉट आहेत, एक रिकामाच आहे." आमच्या मोहल्ल्यातच एका मुलाचे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. आमचाच जुना विद्यार्थी. आयटीआय करून त्याने एका टेबलावर मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम सुरू केले होते. त्याच्याकडे वापरलेली, चांगल्या स्थितीतली रॅम होती. एक हजार रुपये सांगितले. म्हणाला, "सर, रात्रभर टेस्टला लावून बघितलीय, एकही एरर नाही. संध्याकाळी येऊन बसवून देतो."

आम्ही म्हटले, "एवढ्यासाठी कशाला येतोस? दोन क्लिपा उघडायच्या आणि दाबायचं, एवढंच ना?"

त्याच रात्री आम्ही झाकण उघडले. एकाने मोबाइलचा उजेड धरला, दुसऱ्याने रॅम बसवली. पहिल्यांदा ती नीट बसेना, थोडी तिरकी गेली. काढून पुन्हा दाबली, टक् असा आवाज आला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि १६ जीबी दाखवू लागला. आमची छाती फुगली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कपाटातल्या कपड्यांना, पुस्तकांना, सगळ्यालाच ओल धरते. कॉम्प्युटर मधेच अडकू लागला, तेव्हा आम्हाला वाटले, हवा दमट आहे म्हणून असेल. मग तो आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागला. जुलैत निळा पडदा दिसू लागला, दर वेळी त्यावर वेगळेच शब्द. एकदा फोनमधून त्यात उतरवलेल्या ईदच्या फोटोंतले तीन फोटो अर्धे राखाडी निघाले. मूळ फोटो फोनमध्ये होते म्हणून वाचले. आणि ऑगस्टच्या चाचणीची उर्दूची प्रश्नपत्रिका, चार दिवस बसून केलेली, उघडेचना. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत बसून ती आम्ही हाताने लिहून काढली आणि सकाळी झेरॉक्स केली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या झाकण उघडले. मेमध्ये रॅम घातली, त्यानंतरच हे सुरू झाले, मग दुसरे काय असणार? ती काढून बाजूला ठेवली. कॉम्प्युटर सुरू केला. आठवडाभर पाहिले. एकदाही अडकला नाही, एकदाही निळा पडदा नाही. आता शंकेला जागाच कुठे होती?

ती रॅम कागदात गुंडाळून आम्ही दुकानात गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यासमोरच आम्ही म्हणालो, "ओळखीच्या लोकांना तरी असा माल देऊ नये."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मॅडम, टेस्ट केली होती. एकदा घरी येऊन बघू का?"

"बघायचं काय त्यात? ती काढली की कॉम्प्युटर चालतो, घातली की बंद पडतो."

त्याने आणखी काही म्हटले नाही. गल्ल्यातून पाचशेच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. आम्ही त्या उचलल्या आणि घरी आलो. दादीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "त्याला घरी बोलवायचं होतं, चहा द्यायचा होता, मग विचारायचं होतं." आम्हाला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा भाबडेपणा वाटला.

गोष्ट तिथे संपली असती तरी पुरे होते. पण माणूस फसला की चार लोकांना सांगतो. आम्ही शिक्षकांच्या खोलीत सांगितले. एका वलीम्यात जेवणाच्या रांगेत सांगितले. शेजारच्या भाभी लॅपटॉप दुरुस्तीला कुठे द्यावा म्हणून विचारायला आल्या, त्यांना "तिथे देऊ नका" म्हणालो. पुढे शाळेतले सहा कॉम्प्युटर दुरुस्तीला काढायचे होते. मुख्याध्यापकांनी त्या मुलाचे नाव घेऊन आमचे मत विचारले. आम्ही मान हलवली. ते काम दुसरीकडे गेले. आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो. जे पाहिले ते सांगितले, असेच आम्हाला वाटत होते.

डिसेंबरमध्ये थोरला सुट्टीवर आला तो पुण्याहून नवी कोरी रॅम घेऊन. सीलबंद, पावती आणि वॉरंटीसकट. जाण्याच्या घाईत त्याने ती रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली, १६ जीबी दिसले ते पाहिले आणि रात्रीच्या गाडीने गेला. चौथ्या दिवशी निळा पडदा आला.

आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हेच, "हीसुद्धा खराब निघाली!"

धाकटी जमिनीवर बसून विज्ञानाची वही पूर्ण करत होती. ती नववीत आहे. खालच्या वर्गात त्यांनी पानाला काळा कागद लावून उजेडाचा प्रयोग केला होता. एकाच झाडाचे पान, तेच पाणी, तीच माती, फक्त उजेड वेगळा. तिने वर न बघताच विचारले, "अब्बा, ऑगस्टमध्ये आपण रॅम काढली होती की स्लॉट रिकामा केला होता?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. रॅम काढली तेव्हा तिच्याबरोबर तो स्लॉटही कामातून गेला होता. एका हाताने आम्ही दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि गुण मात्र एकीलाच दिला होता. कॉम्प्युटर आठवडाभर नीट चालला हे खरे, पण त्याने रॅम खराब असल्याचे सिद्ध होत नव्हते. तो स्लॉट खराब असता तरी कॉम्प्युटर अगदी तसाच चालला असता.

त्या रात्री थोरल्याला फोन केला. त्याने जे सांगितले आणि पुढच्या काही रात्री आम्ही जे केले, ते थोडे सविस्तर लिहितो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा जोडलेला कॉम्प्युटर असेल.

आधी रॅम करते काय? आपण कॉम्प्युटरवर जे काम करत असतो ते तेवढ्यापुरते रॅममध्ये मांडलेले असते, स्वयंपाक करताना ओट्यावर सामान मांडावे तसे. काम जपून ठेवले की ते हार्ड डिस्कच्या कपाटात जाते. ८ जीबीच्या रॅममध्ये ६,८७१ कोटींहून जास्त बारीक घरे असतात आणि प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यातले एखादे घर जरी चुकीचे वाचले गेले तरी घोटाळा होऊ शकतो. उर्दू शिकवणाऱ्यांना हे लगेच कळावे. वर्गात पहिल्या अक्षराखाली एका नुक्त्याऐवजी तीन नुक्ते पडले की मुले 'बाप'चा 'पाप' करतात. कॉम्प्युटरचेही तसेच होते. चूक प्रोग्रामच्या सूचनेत पडली तर निळा पडदा, फोटोत पडली तर राखाडी पट्टा, आणि फाइलमध्ये पडून ती तशीच जपून ठेवली गेली तर पुढे ती फाइल उघडत नाही. म्हणूनच दर वेळी पडद्यावरचे शब्द वेगळे होते. रोज वेगळी तक्रार येऊ लागली की थोरल्याच्या भाषेत पहिला संशय मेमरीच्या वाटेवर घ्यायचा.

'वाट' हा त्याचा शब्द आम्हाला फार उपयोगी पडला. मेमरी म्हणजे फक्त ती हिरवी पट्टी नव्हे. आजच्या प्रोसेसरमध्ये मेमरी सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या पोटातच असतो. तिथून निघालेला संदेश प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या बारीक पिनांतून मदरबोर्डवर येतो, तिथल्या तांब्याच्या रेषांवरून स्लॉटपर्यंत जातो आणि स्लॉटमधल्या पत्र्यांतून रॅमवर पोहोचतो. आमच्या रॅमला, म्हणजे डीडीआर-४ ला, २८८ संपर्कबिंदू असतात. या वाटेवर कुठेही खड्डा असला तरी शेवटी दिसते ते एकच, मेमरीची चूक. शिवाय एसएमपीएस नीट वीज देत नसेल तरीही असेच होऊ शकते. चोरी घरात झाली एवढेच कळते, कुणी केली ते नाही.

तपासायला मेमटेस्ट८६+ नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये भरायचा आणि त्या पेनड्राइव्हवरून आपला कॉम्प्युटर सुरू करायचा. विंडोज सुरूच होत नाही. हा प्रोग्राम रॅमच्या घरांत निरनिराळ्या तऱ्हेने आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. एक पूर्ण फेरी व्हायला वेळ लागतो आणि अधूनमधून येणारा दोष पहिल्या फेरीत सापडेलच असे नाही, म्हणून रात्रभर चालू ठेवायचा. उत्तीर्ण होण्याचे गुण एकच, शून्य चुका. एक चूक दिसली तरी नापास. हाताशी पेनड्राइव्ह नसेल तर विंडोजमध्येही मेमरी तपासण्याची सोय असते. तिचा निकाल स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नये, मात्र तिने चूक दाखवली तर ती खरी मानावी.

सुरुवातीला बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी नावाची सोय बंद केली. कधी कधी रॅमही चांगली असते, मदरबोर्डही चांगला असतो, फक्त वाढवलेला वेग त्यांना झेपत नाही. ती शक्यता आधी बाजूला काढायची.

मग वहीत चार रकाने आखले. प्रोसेसरजवळचा स्लॉट आणि लांबचा स्लॉट, जुनी रॅम आणि नवी रॅम. एका वेळी एकच रॅम, एकाच स्लॉटमध्ये. रोज एकच बदल आणि मधे दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

पहिली रात्र, जुनी रॅम जवळच्या स्लॉटमध्ये. सकाळी चुका शून्य.

दुसरी रात्र, नवी रॅम जवळच्या स्लॉटमध्ये. शून्य. म्हणजे नवी रॅम चांगली होती. आम्ही चार दिवसांपूर्वी तिलाही नापास करून मोकळे झालो होतो.

तिसरी रात्र, नवी रॅम लांबच्या स्लॉटमध्ये. ताटे वाढेपर्यंत चुकांचा आकडा पळू लागला होता. तरी रात्रभर चालू ठेवले.

चौथी रात्र, जुनी रॅम लांबच्या स्लॉटमध्ये. कॉम्प्युटर घरात आला तेव्हापासून जिने एकदाही त्रास दिला नव्हता, ती रॅम. तिलाही चुका. धाकटीने वहीत शेवटच्या रकान्यात फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. कुणी काही बोलले नाही.

हे चार रकाने वाचायची रीत सोपी आहे. एक रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चुकते आणि दुसरी कुठेच चुकत नाही, तर दोष त्या रॅमचा. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये चुकतात, तर दोष त्या स्लॉटकडे जाणाऱ्या वाटेचा. एकेकट्या कुठेही चुकत नाहीत, पण दोन्ही एकत्र लावल्या की चुकतात, तर त्यांची जोडी जमत नाही किंवा वेगाची मांडणी बदलायला हवी. आणि सगळीकडेच चुका येत असतील तर रॅम सोडून एसएमपीएस, प्रोसेसर आणि मदरबोर्डकडे वळायचे.

पाचव्या दिवशी आम्ही सफाई करून पाहिली. कॉम्प्युटर बंद केला, वायर प्लगमधून काढली, उरलेली वीज जावी म्हणून बटण काही सेकंद दाबून धरले आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. रॅमची सोनेरी कडा शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसली. दमट हवेत त्या कडेवर थर बसतो आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. मात्र रबर घासायचे ते मदरबोर्डपासून लांब, कारण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवेच दुखणे. स्लॉटमधली धूळ कोऱ्या मऊ ब्रशने झाडली. पुन्हा टेस्ट लावली. पुन्हा चुका.

आता पुढचे आमच्या हातचे नव्हते. कुणाला तरी बोलवायला हवे होते, आणि कुणाला ते आम्हा दोघांनाही माहीत होते. तरी दोन दिवस आम्ही तो विषय काढला नाही. दोघांनीही मनातल्या मनात शहरातल्या दुसऱ्या दुकानांचा विचार केला होता, हे नंतर एकमेकांना सांगितले. शेवटी दादीनेच विचारले, "वहीत काय निघालं?" धाकटीने सांगितले, "रॅम चांगली होती, दादी." दादी म्हणाली, "मग जा की."

आम्ही दुकान बंद व्हायच्या वेळी गेलो. तो एकटाच होता. वही त्याच्यापुढे उघडून ठेवली आणि म्हणालो, "तू दिलेली रॅम चांगली होती. चूक आमची होती. तुझं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं. तुझ्या तोंडावर बोललो, आणखी चार ठिकाणीही बोललो. माफ कर."

त्याने आधी वही वाचली. चारही रकाने नीट वाचले. मग म्हणाला, "सर, ही मांडणी बरोबर केलीय." थोड्या वेळाने म्हणाला, "ती रॅम मी एका झेरॉक्सवाल्याला विकली. त्याच्याकडे रोज दहा तास चालते." आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हते. मग खाली बघत बोलला, "शाळेचं काम गेलं तेव्हा वाईट वाटलं. पैशाचं नाही एवढं. माझीच शाळा ना."

यावर काय बोलायचे ते आम्हाला सुचले नाही. मुलांना भाषा शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत.

रविवारी तो घरी आला. आधी प्रोसेसरवरचा पंखा काढून सॉकेटमधल्या पिना तपासल्या, कारण तिथली एखादी पिन वाकली तरी एखादा स्लॉट बिघडतो. पिना सरळ होत्या. पंखा खाली जास्त आवळला गेला असेल तरीही मेमरी चुकते, तेही पाहिले. मग डोळ्याला भिंग लावून, बॅटरीचा उजेड पाडून त्याने लांबचा स्लॉट निरखला. बराच वेळ पाहिल्यावर धाकटीला जवळ बोलावले. "ते बघ. सगळे पत्रे एका ओळीत आहेत आणि एक आत दबलाय. दिसला?"

तिला दिसला. मग आम्हीही पाहिला. केसाएवढा बारीक पत्रा. रॅमला कधी टेकणार, कधी नाही. हवा दमट झाली, यंत्र तापले की आणखीच बेभरवशाचा.

"हा कशानं दबला?" आम्ही विचारले.

"रॅम जरा तिरकी बसली आणि जोर लागला की कधी कधी होतं," तो स्लॉटकडेच बघत म्हणाला. मेमधली ती रात्र आम्हाला आठवली, मोबाइलचा उजेड, तिरकी गेलेली रॅम, तो टक् आवाज. त्यालाही नक्कीच कळले असणार. त्याने संध्याकाळी येऊन बसवून देतो म्हटले होते आणि आम्ही नको म्हटले होते. पण त्याने एवढ्यावरच बोलणे थांबवले. आमचा हिशेब आमच्याकडे ठेवला.

सुई घालून पत्रा सरळ करता येईल का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "हात लावू नका. एक सरळ करताना शेजारचा मोडतो. जवळचा स्लॉट चांगला आहे ना, त्यातच १६ जीबीची एक रॅम टाकू." दोन रॅम जोडीने चालतात तेव्हा वेग थोडा जास्त मिळतो, तो आता मिळणार नाही. पण प्रश्नपत्रिका आणि अभ्यासाला फरक जाणवणार नाही, असे त्याने सांगितले, आणि तसेच झाले. आमच्या दोन ८ जीबीच्या रॅम घेऊन त्याने १६ जीबीची एक दिली, वरचे पैसे सांगितले. आम्ही दिले. या वेळी बसवायचे काम त्यानेच केले. दोन्ही क्लिपा उघडल्या, रॅममधली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवली, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवले आणि सरळ खाली दाबले. दोन्ही क्लिपा आपोआप मिटल्या. धाकटी सगळे बघत होती. जाताना तो म्हणाला, "रात्री टेस्ट लावा. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका." चुका शून्य आल्या. दादीने त्याला चहा घेतल्याशिवाय सोडले नव्हते, हे सांगायलाच नको.

त्यानंतर दोन गोष्टी आमच्या घरी ठरल्या. कॉम्प्युटर संशयित आहे तोवर त्यात कुठलाही महत्त्वाचा कागद, फोटो कॉपी करायचा नाही, कारण तो बिघडलेलाच जपून ठेवतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत.

तिसरे काम अजून चालू आहे. जिथे जिथे बोललो होतो तिथे तिथे जाऊन परत बोलायचे. मुख्याध्यापकांना सांगितले. सहा कॉम्प्युटरचे काम आता परत येणार नव्हते, पण पुढच्या कामाला त्याला विचारू असे ते म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा एक सहकारी हसले, "एक हजाराच्या रॅमसाठी एवढं?" शेजारच्या भाभींना सांगितले, त्यांनी लॅपटॉप केव्हाच दुसरीकडे दिला होता. वलीम्याच्या रांगेत आमच्या मागेपुढे कोण उभे होते ते आठवून आठवून दोघांना फोन केले. दोघांनाही आमचे बोलणे चांगले लक्षात होते. वाईट बोललेले लोकांच्या लक्षात राहते.

राहिली ती दुकानातली दोन गिऱ्हाइके. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी आम्ही आवाज चढवला तेव्हा ती तिथे उभी होती. त्यांच्याकडे आम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. कोण होती, कुठल्या गावची होती, माहीत नाही. त्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, परत आली नाहीत ती."

त्यांच्यापर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता आम्हाला सुचला नाही, म्हणून हे लिहिले. मोहल्ल्यातल्या त्या छोट्या दुकानात, दुरुस्तीच्या टेबलापुढे, आपल्या कामासाठी थांबलेले असताना एका शिक्षक जोडप्याला तिथल्या मुलावर ओरडताना जर आपण ऐकले असेल, तर कृपया ध्यानात घ्यावे, त्याचा माल चांगला होता.